एक टेबल, दोन संगणक, तीन पडदे

आमच्या शाळेच्या कचेरींत शिरतांच डाव्या बाजूच्या खिडकीलगत जें टेबल दिसतें, त्यावर दोन संगणक व तीन पडदे मांडलेले पाहून गेल्या जून महिन्यापासून अनेक पालकांनीं आम्हांस एकच प्रश्न विचारला आहे : "सर, एका माणसाला तीन पडदे लागतात तरी कशाला?" विद्यार्थ्यांचा प्रश्न थोडा निराळा असतो. त्यांस 'कशाला' यापेक्षां 'कसें' हें समजून घ्यावयाचें असतें. आणि त्यांतील कांहींनीं तर आपल्याहि घरीं असेंच टेबल हवें असा हट्ट धरिल्याचें आमच्या कानीं आलें आहे. ह्या दोन्ही प्रश्नांचें उत्तर एकदांच लिहून काढावें, म्हणजे पालकांचा खर्च व मुलांची मान दोन्ही वांचतील, ह्या हेतूनें प्रस्तुत लेख लिहीत आहों.

प्रथम 'कशाला' याचें उत्तर देतों. ह्या टेबलावर कचेरीचें काम तर चालतेंच, शिवाय दिवाळीच्या सुटीनंतर ह्या वार्षिकाच्या मराठी विभागाची जुळणीहि येथेंच होते. नवा संगणक आल्यावर जुना मोडींत कां काढला नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. त्याचें कारण आपली लिपि हेंच आहे. संगणकाला 'क' हें अक्षर कळत नाहीं. त्याला केवळ आंकडा कळतो, व अमुक आंकडा म्हणजे अमुक अक्षर असा करार अगोदर ठरलेला असावा लागतो. पूर्वीं मराठी टंकलेखनाच्या प्रत्येक कंपनीनें आपापला स्वतंत्र करार केला होता. त्यामुळें एका संगणकावर उत्तम दिसणारा मजकूर दुसऱ्यावर उघडला कीं इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा कचरा पुढें येई. सन १९९१ मध्यें युनिकोड नांवाच्या सर्वमान्य कराराची पहिली आवृत्ति निघाली. तींत जगांतील अनेक लिप्यांबरोबर देवनागरीकरितांहि १२८ जागा राखून ठेविल्या गेल्या. तथापि हा करार घरोघरीं व कचेऱ्यांतून रुळण्यास पुढें बरींच वर्षें लागलीं. आमच्या शाळेचे जुने दाखले, सूचना व मागील कित्येक वार्षिकें जुन्या वळणाच्या अक्षरांत बंद आहेत, आणि तीं अक्षरें वाचणारी प्रणाली नव्या संगणकावर चालत नाहीं. सर्व मजकूर युनिकोडमध्यें उतरवून होईतों जुना संगणक ठेवणें भागच आहे. त्याला इंटरनेट मात्र मुद्दाम जोडलेलें नाहीं. कारण त्यावरील विंडोज ७ ह्या प्रणालीस संरक्षणाच्या दुरुस्त्या पुरविणें तिच्या निर्मात्यांनीं जानेवारी २०२० मध्यें बंद केलें. म्हणजे हे दोन संगणक हौसेचे नसून गरजेचे आहेत, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. नव्याला दोन पडदे व जुन्याला एक, असे मिळून तीन.

आतां 'कसें' याकडे वळूं. ह्या बाबतींत आमचा पहिला प्रयत्न पुरता फसला, तो लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. गतवर्षीं जेथें जागा सांपडली तेथें एकेक यंत्र ठेवीत गेलों. दोन कळफलक, दोन माऊस, तारांचें जाळें, मुलांचे हस्तलिखित कागद डाव्या बाजूस टेबलावर सपाट पसरलेले, आणि मुख्य पडदा उजव्या कोंपऱ्यांत. म्हणजे वाचावें डावीकडे खालीं, व लिहावें उजवीकडे वर. दिवसांतून किती वेळां मान अशी फिरली असेल, त्याची गणती नाहीं. तीन आठवड्यांत मान अशी आंखडली कीं वर्गांत फळ्यावर लिहितांना हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टरांकडे गेलों, तों त्यांनीं दुखतें कोठें हें विचारण्याच्या आधींच विचारलें, "तुम्ही बसतां कसे, तें करून दाखवा." आम्हीं दाखविलें. ते हंसले व औषधाची चिठ्ठी लिहिण्यापूर्वीं त्यांनीं कागदावर एक खुर्ची व एक टेबल काढून दिलें.

हें दुखणें कांहीं संगणकाबरोबर जन्मलें नाहीं. बर्नार्डिनो रामात्सिनी नांवाच्या इटालियन वैद्यानें कामकऱ्यांच्या रोगांवर १७०० सालीं एक ग्रंथ लिहिला, व १७१३ च्या आवृत्तींत लेखनिकांचा विचार त्यांत घातला. लेखनिकांच्या व्याधींचीं तीन कारणें तो सांगतो : सतत बसून राहणें, हाताची तीच ती हालचाल, आणि चूक होऊं नये म्हणून मनावर पडणारा ताण. उजवा हात निकामी झाल्यामुळें डाव्या हातानें लिहावयास शिकलेला, व मग डाव्यासहि तोच रोग जडलेला एक लेखनिक त्याच्या पाहण्यांत होता. तीनशें वर्षांत बोरूच्या जागीं कळफलक आला, परंतु ह्या तीन कारणांत एकाचीहि वजाबाकी झालेली नाहीं.

मांडणीचें मर्म आम्हांस कळलें तें मात्र वैद्यकाच्या ग्रंथांतून नव्हे, तर छापखान्यांतून. खिळे जुळवून छपाई करण्याच्या काळांत जुळारी, म्हणजे कंपोझिटर, आपल्या पुढें उतरत्या लांकडी केसी मांडून उभा राही. इंग्रजीस दोन केसींत काम भागे. देवनागरीस काना, मात्रा, जोडाक्षरें व अर्धीं अक्षरें मिळून कित्येक शें खिळे लागत, त्यामुळें केसी अधिक व त्यांचा पसारा समोर आणि दोन्ही बाजूंस. पण ह्या पसाऱ्यांत एक शिस्त असे. जें अक्षर वारंवार लागतें त्याचा खण मोठा व हाताशीं. जें क्वचित् लागतें त्याचा खण लहान व दूर. वर्णमालेच्या क्रमाला तेथें मान नव्हता. हाताच्या फेऱ्यांना होता. १८६९ सालीं मुंबईंत निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी हे बाळपणीं अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत कामास होते. देवनागरी छपाईला त्यांनीं पुढें जें देखणें रूप दिलें, त्याच्या मागें अशाच खणांपुढें काढलेलीं वर्षें होतीं. आमच्या टेबलाचा सारा नियम ह्या केसींतून घेतला आहे. यंत्र किती मोठें वा किती महाग, हें पाहावयाचें नाहीं. डोळा व हात त्याकडे किती वेळां जातात तेवढेंच पाहावयाचें, आणि त्या हिशेबानें त्याला जवळची किंवा दूरची जागा द्यावयाची.

ह्या केसीच्या मध्यभागीं माणूस बसतो, म्हणून प्रारंभ खुर्चीपासून करावा. पुष्कळ जण आधीं पडदे मांडतात व उरलेल्या जागेंत स्वतः शिरतात. तो क्रम उलटा आहे. खुर्चीवर पाठ टेकून बसावें, खांदे सैल सोडावे, कोपरांत हात काटकोनाइतके वांकवावे. अशा वेळीं बोटें जेथें येतात तेथें कळफलक असावा. मनगट वरच्या बाजूस मुडपलेलें नसावें. सामान्य टेबलाची उंची सुमारें ७५ सेंटिमीटर असते, व ती मोठ्या माणसासहि किंचित् जास्तच होते; मुलांस तर फारच होते. त्यावर उपाय टेबल कापण्याचा नाहीं. खुर्चीवर घडी घातलेली सतरंजी घालून मुलास वर उचलावें, आणि त्यामुळें पाय लोंबकळूं लागले कीं पायांखालीं जेवणाचा पाट द्यावा. पाय अधांतरीं राहिले म्हणजे मांडीच्या खालच्या बाजूस खुर्चीची कड रुतते व मूल थोड्याच वेळांत पुढें घसरून पाठीचें धनुष्य करतें. आपण त्याला 'नीट बैस' म्हणून रागावतों. वास्तविक दोष पाटाच्या अभावाचा असतो.

नंतर मुख्य पडदा. तो नाकासमोर, अगदीं सरळ, व हात लांब केला असतां बोटांची टोंकें जेमतेम लागतील इतक्या अंतरावर, म्हणजे सुमारें ५० ते ७० सेंटिमीटर, असावा. त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेंत किंवा थोडी खालीं यावी. नजर किंचित् खालीं उतरलेली असली कीं पापण्या डोळ्यांवर अधिक येतात व डोळे कमी सुकतात. पडद्याकडे पाहतांना आपण पापण्या नेहमींपेक्षां बऱ्याच कमी वेळां मिटतों. सायंकाळीं डोळ्यांत वाळू गेल्यासारखें वाटतें त्याचें हें एक मोठें कारण आहे. आमच्यासारख्या चाळिशी लागलेल्या मंडळींनीं पडदा आणखी दोन बोटें खालीं घ्यावा, नाहीं तर चष्म्याच्या खालच्या भागांतून वाचण्याकरितां हनुवटी सारखी वर होते आणि मानेमागें दुखूं लागतें.

दुसरा पडदा मुख्य पडद्याला अगदीं खेटून, उजव्या हातास, आणि पुस्तकाच्या पानासारखा आंत वळवलेला ठेविला आहे. तो आम्हीं आडवा न ठेवतां उभा केला आहे, याचें पाहुण्यांस मोठें नवल वाटतें. पडद्याचें माप कर्णावरून सांगतात. २४ इंची पडदा सुमारें ५३ सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच भरतो. तोच उभा केला कीं ३० रुंद व ५३ उंच होतो, आणि ह्या वार्षिकाचें पूर्ण पान त्यावर मूळ आकारापेक्षां मोठें व एकसंध दिसतें. डाव्या पडद्यावर टंकलेखन, उजव्यावर पानाचें मुद्रित. शब्द येथें बदलला कीं ओळ तेथें कशी तुटते, तें तत्काळ कळतें. पूर्वीं एकाच पडद्यावर एक खिडकी मिटून दुसरी उघडावी लागे, आणि त्या उघडझांपींत पुष्कळदां काय पाहावयाचें होतें तेंच आम्ही विसरत असूं. अधिक पडद्यांचा खरा लाभ एवढाच आहे : जें तोलून पाहावयाचें तें शेजारीं शेजारीं राहतें. ही युक्तिहि फार नवी नव्हे. १९८७ च्या मॅकिंटॉश २ ह्या संगणकास एकाहून अधिक पडदे जोडतां येत. विंडोजमध्यें ती सोय १९९८ च्या आवृत्तीपासून सर्वसामान्यांच्या हातीं आली.

तिसरा पडदा जुन्या संगणकाचा, १७ इंची व जवळजवळ चौकोनी. दिवसांतून दोन-तीनदांच लागतो म्हणून तो टेबलाच्या उजव्या टोंकाला आहे. त्यावर मोठें काम निघालें तर मात्र मान वळवून करावयाचें नाहीं, खुर्ची सरकवून त्याच्यासमोर जावयाचें, असा आम्हीं स्वतःस दंडक घालून घेतला आहे. तो मोडला तर दुसऱ्या दिवशीं मान आठवण करून देते.

टेबलावरील सर्वांत स्वस्त वस्तु सर्वांत उपयोगी ठरली, ती म्हणजे कागद उभा ठेवण्याची घोडी. आपल्याकडे पोथी वाचण्यास ठवणी असते तिचेंच हें भावंड. शाळेच्या सुतारानें मोडक्या बांकाच्या फळीपासून ती करून दिली : फळी ३५ सेंटिमीटर उंच, २८ रुंद, खालीं दोन बोटांची पट्टी, मागें तिरका टेकू. ती मुख्य पडद्याच्या डाव्या कडेस लागून, त्याच अंतरावर व त्याच उंचीवर उभी असते. आतां हस्तलिखित व पडदा यांच्यामध्यें नुसती नजर फिरते, मान फिरत नाहीं. कोणास विश्वास बसणार नाहीं, पण तीन पडद्यांपैकीं एक टाकावयाचा कीं ही घोडी, असें आम्हांस विचारलें तर आम्ही पडदाच देऊन टाकूं.

प्रकाशाविषयीं थोडेंच सांगावयाचें आहे. खिडकी समोर असली तर डोळे दिपतात, पाठीशीं असली तर पडद्याच्या कांचेंत तिचें प्रतिबिंब पडतें. म्हणून ती बाजूस असावी. उजव्या हातानें लिहिणाऱ्यास ती डावीकडे असली तर वहीवर हाताची सावलीहि पडत नाहीं. पडद्याचा उजेड किती ठेवावा हें ठरविण्याचा सोपा उपाय असा कीं, एक कोरा कागद पडद्याच्या शेजारीं धरावा. पडदा दिव्यासारखा भासला तर उजेड कमी करावा. कागदापुढें तो मळकट दिसला तर वाढवावा. दर वीस मिनिटांनीं वीस फुटांपलीकडील वस्तूकडे वीस सेकंद पाहावें, असें नेत्रवैद्य सांगतात. आमच्या खिडकीबाहेर चिंचेचें झाड आहे, त्याचा आम्हांस ह्या कामीं उपयोग होतो.

दोन संगणक म्हटले कीं दोन कळफलक व दोन माऊस आलेच, अशी समजूत आहे. तीं दोन्ही समोर राहिलीं तर हाताशीं जागा उरत नाहीं आणि चुकून भलत्याच यंत्रावर टंकलेखन होतें. त्यावर दोन उपाय आहेत. एक यंत्राचा : कळफलक व माऊस एका लहान पेटीला जोडावयाचे, पेटींतून दोन तारा दोन संगणकांकडे न्यावयाच्या, व बटण दाबलें कीं मालकी इकडची तिकडे. पडदाहि अदलाबदल करणारी पेटी मिळते, तिला के-व्ही-एम स्विच म्हणतात. आमचे पडदे आपापल्या जागीं कायम असल्यामुळें आम्हांस कळफलक-माऊसपुरती स्वस्त पेटी पुरली. दुसरा उपाय प्रणालीचा : मायक्रोसॉफ्टची 'माऊस विदाऊट बॉर्डर्स' ही प्रणाली चार संगणकांपर्यंत एकच माऊस फिरवूं देते. माऊस एका पडद्याच्या कडेवरून पुढें ढकलला कीं दुसऱ्या संगणकाच्या पडद्यावर निघतो. मुलांस ही जादूच वाटते. पण तिच्यासाठीं संगणक एका जाळ्यांत जोडलेले असावे लागतात, आणि आमचा जुना संगणक जाळ्याबाहेर ठेविलेला; म्हणून आम्हीं बटणच पत्करलें. घरीं दोन चालू संगणक असतील त्यांनीं आधीं प्रणालीच वापरून पाहावी, पैसे पडत नाहींत.

कळफलकाचा उल्लेख आलाच आहे तर एक सुचवितों. मराठीसाठीं 'इन्स्क्रिप्ट' ही मांडणी मुलांनीं प्रारंभापासून शिकावी. तींत स्वर डाव्या हातास व व्यंजनें उजव्या हातास आहेत. त्यामुळें मराठी लिहितांना दोन्ही हातांस आलटून पालटून काम मिळतें. इंग्रजी स्पेलिंग करून मराठी उमटविण्याची रीत सोपी खरी, पण ती मराठी लिहितांना मुलास इंग्रजीत विचार करावयास लावते, हें मराठीच्या शिक्षकास कसें रुचावें?

तारांच्या बाबतींत आमचा एक शनिवार फुकट गेला. पडद्याच्या तारा सर्व सारख्या नसतात. १९८७ पासून चालत आलेली, पंधरा टांचण्यांची व्ही-जी-ए तार निराळ्या जातीची. एच-डी-एम-आय व डिस्प्लेपोर्ट ह्या नव्या तारा निराळ्या जातीच्या. एकीतून दुसरींत जाण्यास दुभाष्या लागतो, आणि तो दुभाष्या बहुधा एकाच दिशेनें बोलतो. नव्या संगणकांतून जुन्या पडद्याकडे नेणारा जोड, जुन्या संगणकांतून नव्या पडद्याकडे चालत नाहीं. दुकानांत जातांना संगणकाच्या मागील बाजूचें व पडद्याच्या मागील बाजूचें छायाचित्र मोबाईलवर घेऊन जावें. लॅपटॉपच्या प्रत्येक यु-एस-बी-सी खांचेंतून चित्र निघतेंच असें नाहीं, हेंहि खरेदीपूर्वीं माहितीपत्रकांत पाहून घ्यावें. तारा जोडून झाल्या म्हणजे दोन्ही टोंकांस कागदी चिठ्ठी चिकटवून नांव लिहावें.

येथवर शरीराची व यंत्रांची व्यवस्था झाली. पण दोन संगणकांचें सर्वांत मोठें संकट टेबलावर दिसत नाहीं, तें आंत असतें.

गतवर्षीं इयत्ता आठवींतील एका विद्यार्थिनीनें आपल्या आजीवर निबंध लिहून दिला. तो नव्या संगणकावर टंकलिखित केला. त्या वर्षापर्यंत छापखान्यास जुन्याच वळणाचा मजकूर लागे, म्हणून प्रत्येक लेख उतरवून जुन्या संगणकावर नेत असूं. म्हणजे प्रत्येक लेखाच्या दोन प्रती, दोन यंत्रांवर, एकाच नांवाच्या. पुढें महिन्याभरानें तिची आजी वारली. मुलगी दोन परिच्छेद नव्यानें लिहून घेऊन आली आणि 'सर, हे शेवटीं घालाल का?' एवढेंच म्हणाली. आम्हीं ते त्याच दिवशीं नव्या संगणकावरील प्रतींत घातले, तिला वाचूनहि दाखविले. छापखान्याकडे गेली ती जुन्या संगणकावरील प्रत. वार्षिक छापून आलें, त्यांत तिची आजी अद्याप ओसरीवर बसून तिची वाट पाहत आहे. मुलीनें आम्हांस एका शब्दानेंहि बोल लाविला नाहीं. बक्षीससमारंभाच्या दिवशीं तिच्या आईनें जातां जातां सांगितलें, तेव्हां आम्हांस कळलें. यंत्रांत कोठेंहि बिघाड नव्हता. दोन्ही संगणकांनीं आपापली प्रत इमानानें सांभाळली होती. तो निबंध ह्या अंकांत पूर्ण छापला आहे.

तेव्हांपासून प्रत्येक लेखाचें घर एकच, तें म्हणजे नवा संगणक. जुन्यावर कांहीं न्यावयाचें झालें तर तें काम संपतांच परत आणावयाचें व तेथून पुसून टाकावयाचें. फाईलच्या नांवांत आधीं वर्ष, मग महिना, मग दिवस असे आंकडे घालतों. असें केलें म्हणजे यादी आपोआप काळाच्या क्रमानें लागते व शेवटची प्रत कोणती ह्याचा संशय राहत नाहीं. घर एक म्हणजे प्रत एक असा मात्र अर्थ करूं नये. सुरक्षिततेकरितां तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, व त्यांपैकीं एक दुसऱ्या इमारतींत, हा जाणत्यांचा नियम आहे. आम्ही दर शुक्रवारीं एका बाहेरील डिस्कवर सर्व उतरवून ती प्राचार्यांच्या घरीं नेऊन ठेवतों. इंटरनेटवर आपोआप जुळती राहणारी प्रत ही राखीव प्रत नव्हे. येथें चुकून पुसलें कीं तेथेंहि पुसलें जातें, व तें परत मिळविण्यास मुदत असते.

दुसरें संकट मनाचें. तीन पडदे असले कीं तीन कामें एकदम करावीं असा मोह होतो, व दुसऱ्या पडद्यावर हळूच क्रिकेटचा सामना येऊन बसतो. शुभवर्तमानांतील मार्थेची अवस्था वाचकांस ठाऊक आहेच. आमच्या टेबलावरील तिन्ही पडद्यांवर एका वेळीं एकाच कामाचे कागद असतात. टपाल पाहावयाचें झालें तर काम मिटवून पाहतों. मोबाईल कपाटावर, उठल्यावांचून हात पोंचणार नाहीं असा ठेवतों. केसीच्या नियमाचा हा उलटा उपयोग आहे : जें वारंवार हवेंसें वाटतें पण लागत नाहीं, त्याला सर्वांत दूरचा खण.

विजेचा हिशेब पालकांनीं स्वतः करावा. पडदा सुमारें २५ वॅट व साधा संगणक १०० वॅटच्या आसपास वीज घेतो. ६०० व्ही-ए लिहिलेली यू-पी-एस पेटी बहुधा ३६० वॅटच देते, व तेवढाहि भार थोड्याच मिनिटांचा; तीं मिनिटें काम जतन करून संगणक नीट बंद करण्यासाठीं आहेत, निबंध पूर्ण करण्यासाठीं नव्हेत. लेसर छपाईयंत्र तिला कदापि जोडूं नये. त्यांतील तापणारा भाग एकदम कित्येक शें वॅट ओढतो. तीन टांचण्यांची प्लग-टोपी खांचेंत बसत नाहीं म्हणून तिसरी टांचणी मोडणारे बहाद्दर आम्हीं पाहिले आहेत. ती जमिनीची तार आहे, ती मोडणें म्हणजे शॉकपासून बचावाची वाट बुजविणें. वळवाच्या पावसांत विजा चमकूं लागल्या कीं बटण बंद करून भागत नाहीं, टोपीच उपसून ठेवावी, आणि इंटरनेटची तारहि.

आतां उरला तो मुलांचा हट्ट. शाळकरी मुलास तीन पडदे लागत नाहींत. बहुधा दोनहि लागत नाहींत. लॅपटॉप असेल तर तो जाड पुस्तकांवर उंच ठेवावा व वेगळा कळफलक आणि माऊस जोडावे. लॅपटॉपचा पडदा व कळफलक एकमेकांस बांधलेले असल्यामुळें एक सोईचा केला कीं दुसरा गैरसोईचा होतो, त्याला हाच तोडगा. दुसरा पडदा खरोखरच लागला तर घरांतील टी.व्ही.स एच-डी-एम-आय खांच आहे का तें आधीं पाहावें. पाठ्यपुस्तकासाठीं ठवणी पुरे.

इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्यानें ह्या उन्हाळ्यांत आपलें टेबल मांडलें, तें आम्हीं जाऊन पाहिलें. तें त्याच्या आईच्या शिलाई यंत्राचें टेबल आहे. यंत्र आंत घडी करून फळी मिटली कीं वर लॅपटॉप येतो, खालीं दोन जुने शब्दकोश. कळफलक मामानें दिलेला. ठवणी आजोबांची आहे, आणि ती कोणी हलविलेली त्यांस खपत नाहीं, म्हणून अभ्यास संपला कीं देवघराजवळ परत जाते. पाय ठेवण्यास पायटा आयताच होता, पण तो हलतो. तेव्हां त्याच्याखालीं लांकडाचा ठोकळा सारला आहे. सायंकाळीं सहाला ठोकळा काढतात, आणि टेबल पुन्हां आईचें होतें.